चोपन्न कमी

निर्धाव चेंडूला टिंब, विकेटला लाल शाई.
पानाच्या तळाशी शेऱ्यासाठी एक ओळ असते,
मस्कतमधल्या बारा वर्षांत ती मी दोनदाच वापरली:
एकदा वादळ आलं म्हणून,
एकदा पंचांची गाडी वादीत रुतली म्हणून.

मुबीन फणसोपकर. डावखुरा फिरकी.
हमरियात सात जणांत एक खोली, टायरच्या गोदामात नोकरी,
आणि शुक्रवारी पहाटे अमरातच्या घाटात
माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर
बोटांत चेंडू फिरवत गप्प बसलेला.
दोन्ही अंगांना बोडके डोंगर,
मग शेवटच्या वळणावर एकदम ते मैदान,
करपल्या भाकरीवर ठेच्याचा गोळा ठेवावा तसं.

देशाकडून खेळायचं तर तीन वर्षांचा रहिवास लागतो.
एक हजार पंच्याण्णव दिवस.
निवड समितीतला कुणीतरी कानात सांगून गेला होता,
ऑगस्टात दौरा आहे, तयार राहा.
तेव्हापासून माझ्या वहीच्या मागच्या पानावर
त्याचे दिवस पडू लागले:
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

मार्चमध्ये अजान बदलली.
या म्हणण्याऐवजी, आपापल्या घरीच पढा.
मुअज्जिन तोच होता, मुबीन म्हणाला,
पण शेवटाला आवाज चिरकला त्याचा.
मत्रा बंद, रुवी बंद.
चार वर्षांपुढचं आखलेलं दौऱ्यांचं वेळापत्रक
रोज एकेक रकाना गाळत गेलं.
पुढे ढकललं, पुढे ढकललं.
पुढे म्हणजे कुठे?
तिथे आधीच दुसरं कुणी बसलेलं.

मोठ्या देशांच्या बातम्या यायच्या,
किती कोटी बुडाले,
चेंडूला थुंकी लावावी की नाही.
आम्ही फोनवर हसलो त्यावर.
त्याच्याकडे सात माणसांत एक न्हाणीघर होतं
आणि एकाला ताप.

रात्री तो गच्चीवर टाकायचा,
पाण्याच्या टाकीवर खडूचे स्टंप.
मला फक्त आवाज पाठवायचा.
ठक्. मग बराच वेळ काही नाही. ठक्.
मी लिहीत गेले, सवयच ती:
छत्तीस षटकं, छत्तीस निर्धाव,
समोर कुणी नव्हतंच.

मे महिन्यात गोदामाने चाळीस माणसं काढली.
व्हिसा ज्याच्या हातात, दिवसही त्याचेच.
वकिलातीच्या यादीत नाव लागलं तेव्हा विमान मिळालं.
बघा ताई, म्हणाला, एकदाची निवड झाली.

एक हजार एक्केचाळीस.

पुढल्या वर्षी जगातली मोठी स्पर्धा
आपल्या घरातून उठून इकडे आश्रयाला आली,
थेट आमच्या अमरातला.
नवे दिवे, नव्या खुर्च्या, खेळाडू बुडबुड्यात,
आणि माझ्या जागी संगणक.
मी कुंपणाबाहेर, गाडीच्या बॉनेटवर,
हातात थर्मास.
मुबीनचा फोन आला. मागे होड्यांची इंजिनं.
मिरकरवाड्यात बर्फ फोडायला जातो, म्हणाला,
दुपारपर्यंत बोटं बधिर होतात.
मग विचारलं,
डोंगराकडच्या टोकाने जास्त वळतोय ना?
हो, मी म्हणाले.
मला तिथून फक्त दिवे दिसत होते.

मागचं पान अजून आहे.
दोनशे आठ जुड्या,
आणि नंतर एकच उभी रेघ, सुटी.
इतर कुणाला ती अर्धवट मोजणी वाटेल.
पण स्कोअरबुकात अशी रेघ म्हणजे एकेरी धाव,
आणि एकेरी धाव म्हणजे
माणूस दुसऱ्या टोकाला गेला.