शेऱ्याचा रकाना

भाच्याने, ओतारने, जाता जाता लॅपटॉपवर चढवून दिलं,
बूट घालूनच, दारातून वाकून.
"फुकट आहे मावशी. कुणाला काही द्यायचं नाही."
कुतैसीच्या बाजारात फुकट फक्त चव मिळते,
सुरीच्या टोकावर चीजचा एक तुकडा,
आणि मग किलोभर घ्यावंच लागतं.
म्हणून मी दोन दिवस त्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी उघडलं.
एक पांढरा तक्ता. काही विकत नव्हता.
मी रकाने पाडले: गिऱ्हाईक, भाषा, शब्द, दर,
कधी द्यायचं, कधी मिळाले, स्थिती.
उजवीकडे जागा उरली होती, तिथे लिहिलं: शेरा.

त्याआधी सगळा कारभार फ्रिजच्या दारावर.
हेझलनट फोडायच्या यंत्राची मुदत
मी वीजबिलाच्या पाठीवर टिपली होती
आणि बिल भरताना खिडकीतल्या बाईला देऊन आले.

आता ओळ सात: विहिरीचा पंप, जर्मनमधून, नऊ हजार शब्द.
शेरा: "झडप बंद करा" एकशे चार वेळा.
ओळ बारा: खोकल्याचं औषध, पत्रक.
शेरा: रात्रभर मीच खोकले.
ओळ एकोणीस: लामारा. बारी शहरात
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते.
मुलीचा जन्मदाखला, इटालियनमध्ये, एकशे साठ शब्द.
शेरा: पैसे नको म्हटलं. तिने कॉफीचा डबा पाठवला.
बेरजेला कॉफी कळत नाही.
शून्य धरते ती, आणि पुढे जाते.

मुदत उलटली की ओळ लाल होते.
ओरडायला मीच शिकवलं तिला.
तिबिलिसीची एजन्सी फेब्रुवारीपासून लाल आहे;
तिच्यावरून मी पटकन खाली सरकते,
उधारी थकवलेल्या शेजाऱ्यासमोरून जावं तशी,
फक्त इथे थकवलंय त्यांनी, आणि मान माझी खाली.

मग नोव्हेंबरात, रात्री,
ओळी वाढून मथळे दिसेनासे झाले,
म्हणून वरच्या यादीत शोधत गेले: रकाने गोठवा.
आमच्याच लिपीत, आमच्याच भाषेत. आणि त्या शब्दात
एक अक्षर जास्त.

हसले मी. कुठला हा आळशी, म्हटलं,
फुकटात केलं की असंच.

मग हसू थांबलं.

वीस वर्षांपूर्वीचा हिवाळा. वीज दोन तास यायची.
कॉलेजच्या संगणकखोलीत आम्ही सहा जणी,
बोटं कापलेले हातमोजे घालून.
एका प्रोग्रामच्या याद्या आमच्या भाषेत आणायच्या होत्या.
शब्द वाटून घेतले, वाटाणे निवडायला घ्यावेत तसे.
माझ्या वाट्याला तीनशे. जतन करा, पुसा, शोधा,
आणि दिवे जाण्याआधी घाईघाईने
गोठवा.

वीस वर्षं.
शाळेच्या कचेरीत, दवाखान्याच्या औषधखिडकीत,
द्राक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या कुणी गावाकडे
रोज बोट ठेवलं असेल माझ्या चुकीवर.
एकाही माणसाने तक्रार केली नाही.
किंवा त्यांना वाटलं असेल,
हा शब्द असाच असतो.

मी नवीन ओळ घेतली.
गिऱ्हाईक: कोरं. शब्द: एक. दर: शून्य.
मुदत टाकली तो हिवाळा.
ओळ तात्काळ लाल.
दुरुस्ती लिहून पाठवून दिली, आणि भांडी घासली.

चार दिवसांनी बातुमीहून उत्तर आलं,
निकोलोझ नावाच्या मुलाचं. याद्या आता तो बघतो,
त्यालाही कुणी काही देत नाही.
"कल्बातोनो एतेरी, बरोबर आहे तुमचं.
पण मी लहानपणापासून हा शब्द असाच लिहितो.
माझी बायकोही.
बदलला, तर लोकांना चूक वाटणार नाही ना?"

चहा निवला.
पंपाच्या दुसऱ्या भागाची मुदत उद्या दुपारी.
स्थितीच्या रकान्यात मी लिहिलं: चालू.
शेऱ्यात तो शब्द लिहून पाहिला,
एकदा एका अक्षराने कमी,
एकदा त्याच्यासारखा.