पान दोनशे अकरा

सहाशे बारा पानांची कादंबरी.
सरलष्कर हैबतराव पहिल्या पानावर घोड्यावर बसतात
आणि शेवटच्या पानापर्यंत उतरत नाहीत,
जेवायलासुद्धा.
मी फोंड्याला, मिनेझिसबाबांच्या छापखान्यात,
लाल पेन घेऊन त्यांच्या मागून चालते:
इथे वेलांटी दीर्घ, तिथे अनुस्वार राहिला,
घोड्याचं नाव चार लढायांत तीन तऱ्हांनी.

लेखक आडपईचे. सदानंद आडपईकर.
चाळीस वर्षं त्यांनी बांधाचा हिशेब लिहिला,
गाद किती, मजूर किती,
मानशीच्या फळ्या किती कुजल्या.
निवृत्त झाले आणि हैबतराव लिहायला घेतले.
दर मंगळवारी बसने येतात,
पिशवीत तपासलेली प्रुफं, कधी खाली खुबे;
पानांना खाडीचा वास येतो.

पान दोनशे अकरा, ओळ नववी.
शत्रूची छावणी खाजणात उतरलेली,
अमावास्येचं उधाण,
आणि वाक्य:
'हैबतरावांनी बांध फोडला.'

शुद्ध आहे.
ऱ्हस्वदीर्घ ठीक, पूर्णविराम जागेवर.
पेन मात्र पुढे सरकेना.
बांध मी पाहिलाय, माझं माहेर दुर्भाटचं.
एकट्याने फोडायचा तर हैबतरावांना
घोड्यावरून उतरावं लागलं असतं,
अंगरखा काढून कमरेएवढ्या काळ्या गाळात,
आणि तरी सकाळ झाली असती.
कुदळी कोणी धरल्या?
पाणी आत घुसलं तेव्हा
भगदाडाच्या कोणत्या बाजूला होते ते?
पुढची चार पानं सत्तर घोडे बुडतात,
एकेक करून, फार सुंदर.
माणूस एकही नाही.

'ड' आणि 'ला' यांच्यामध्ये मी काकपद दिलं
आणि वर, बारीक, लिहिलं: व.

फोडवला.

मंगळवारी त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"हे काय?"
म्हटलं, अक्षर राहिलं होतं.
"राहिलं नव्हतं."
मिनेझिसबाब कागद मोजत होते,
त्यांचे आकडे ऐकू येईनासे झाले.
"इथे व घातला तर सगळीकडे घालावा लागेल, बाई.
गड बांधला. पूल जाळला. तोफ ओढली.
माझा सेनापती मग उरतो कुठे?"

मी गप्प. त्यांनीच पान उलटं केलं
आणि कोऱ्या बाजूकडे बघत बोलू लागले:
तीन वर्षं काही पिकलं नाही म्हणे त्या खाजणात.
मीठ वर आलं, कोरगुटसुद्धा जळाला.
चौथ्या वर्षी बांध पुन्हा घालताना
गाळात कुदळी सापडल्या. दांड्यांसकट.
पौषात बांधावर चिखलाची मगर करतो आम्ही,
खुब्यांचे डोळे लावतो तिला.
"पण ते पाण्यासाठी," ते म्हणाले.
"त्यांच्यासाठी काही करत नाही कोणी."
थोडं थांबून: "मला माहीत होतं हे.
लिहायला बसलो तो त्यांचंच लिहायला."
मग?
"मग घोडा आला."

व राहिला. तेवढ्या एका ठिकाणी.
बाकी सगळीकडे हैबतराव
एकटे गड बांधतात, एकटे पूल जाळतात,
मी हरकत घेतलेली नाही.
प्रकाशनाला एक वकील उभे राहिले,
नेमका तोच उतारा काढला, आवाज लावला,
आणि 'फोडला' असं वाचून पुढे गेले.
टाळ्या पडल्या.
सदानंदबाब पहिल्या रांगेत
पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसलेले.

दुसऱ्या दिवशी फोन आला, शुद्धिपत्र छापायचंय.
सतरा चुका निघाल्या, सगळ्या माझ्या.
अठरावी ओळ त्यांनी फोनवर सांगितली, दोनदा:
पान २११, ओळ ९, 'फोडवला'.
असेच वाचावे.