झाकण

परीक्षा दारव्ह्याच्या कॉलेजात, तळमजला, खोली तीन.
बाकं पोरांची. माझे गुडघे मावेनात.
पुढे पुसदचा एक बी.एस्सी. पोरगा,
मागे घाटंजीचे सोयाम, गोदामात धुरी देणारे,
चष्मा घरी विसरून आलेले.

पहिला प्रश्न : डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे काय?
हे येत होतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा,
पोरीनं भाकरी थापता थापता पाठ करून घेतलं होतं.
हिरव्यापाशी म्हणाली,
"बाबा, हा बी इखच हाय. फक्त बोलत नाही जास्त."

मग : प्रति लिटर किती मिली?
इथं पेन थांबलं.
एकवीस वर्षं मी झाकणानं मोजलं.
उधईला दोन झाकणं, ढेकणाला एक,
झुरळं असली तर एक, आणि वर थोडा हात हललेला.
झाकण कुठल्या डब्याचं, कोणालाच माहीत नाही.
डोमाजीकडून आलं, पंपासकट.

डोमाजीला लायसन नव्हतं.
त्याला नाक होतं.
गोदामाच्या दाराशी उभा राहून सांगायचा,
"लसूण येते. आज कोणी आत जाऊ नका."
घरी लसणाच्या चटणीला हात लावत नसे.
एका पोळ्याच्या आदल्या दिवशी नाक चोंदलं.
पडसं हाय, म्हणाला,
आणि दार उघडलं.

प्रश्न चौतीस : वायूगळती कशी ओळखाल?
अ) रंगावरून ब) वासावरून क) यंत्रावरून ड) यांपैकी नाही
मी 'ब'वर पेन टेकवलं.
उचललं.
मागून सोयाम, हळूच : "काय हाय जी, चौतीसचं?"
"क."
"वासानं बी तं समजते."
"समजते," म्हटलं, "पडसं नसलं तं."
मॅडमनी डस्टर आपटलं.

दुपारी तोंडी परीक्षा.
टेबलावर काचेचं मोजपात्र, अंगभर रेघा.
साहेब म्हणाले, पाच मिली घ्या.
मी खिशातलं झाकण काढलं, पाण्यानं भरलं,
अंदाजानं नव्हे, काठोकाठ, नेहमीसारखं,
आणि ओतलं.
पाणी साडेसातवर जाऊन थांबलं.

साहेबांनी पाहिलं.
मी पाहिलं.
एकवीस वर्षांतली स्वयंपाकघरं, बाळंतिणीच्या खोल्या,
अंगणवाडीची ती निळी भिंत.

"पुढचे," साहेब म्हणाले.

बाहेर लिंबाखाली पुस्तिका उघडून बसलो.
रिकामे डबे भोक पाडून पुरावेत, लिहिलं होतं,
विहिरीपासून लांब.
झाकणाचं काही नव्हतं.