अर्धी अनामिका

सिव्हिलच्या मागच्या खोलीत एसी आहे,
तो यंत्रासाठी.
हात गार असला की खबर हळू जाते,
आकडा खोटा येतो,
म्हणून आधी अम्माचा हात मी कोमट पाण्यात ठेवला.
"बाहेर त्रेचाळीस, आणि तू पाणी तापवतेस."

फॉर्म भरला: नरसम्मा गाजुल, वय एकावन्न.
काम: विड्या. तेहतीस वर्षं.
रोजच्या हजार धरल्या तर…
गुणाकार अर्धवट सोडला.
रात्री दोनला ती उठून बसते, हात झटकते,
थर्मामीटरचा पारा उतरवावा तसा.
मी जागी असते. विचारत नाही.

"नस दबलीय म्हणाली शेजारची."
नस नाही अम्मा, नसेतून रक्त जातं.
हा मज्जातंतू. यातून नुसती खबर.
मनगटात एक बोळ आहे,
खाली हाडांची कमान, वरून घट्ट पट्टा.
आतून नऊ दोऱ्या जातात बोटं वाकवणाऱ्या,
आणि त्यांच्यात हा एकटा, मऊ.
दोऱ्या सुजल्या की हा सरकणार कुठे?

"आपल्या बोळात कुणी मोटरसायकल घातली
की म्हातारा सायण्णा भिंतीला चिकटतो, तसा."
तसाच.
हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

तर्जनीत तारेच्या दोन रिंगा चढवल्या.
"इतक्या वर्षांत एक अंगठी केली नाहीस मला."
मनगटावर विजेची टिचकी मारली.
अंगठा उडाला, तिनं न सांगता.
ती हसली. मग थांबली.
"म्हणजे हा माझं ऐकत नाही
आणि तुझ्या डब्याचं ऐकतो?"

रेघ चार मिलिसेकंदांच्या आत उठायला हवी.
सहा पूर्णांक दोनला उठली. बुटकी.
चांगल्या तंतूत खबर उड्या मारत जाते,
वेष्टणाच्या एका फटीवरून दुसरीवर.
इथे वेष्टण झिजलेलं,
तिला पायी चालावं लागतंय.
अंगठ्याच्या बुडाचा उंचवटाही बसलाय,
रिकाम्या उशीसारखा.
तो मी घरी, भाकरी वाढून घेताना,
कितीदा पाहिला असेन.

"किती शॉक दिलेस?" वीसेक.
"त्यात छाट किती?"

आता डोळे मिट. कापूस लावते, कळलं की सांग.
अंगठा. गप्प.
तर्जनी. गप्प.
मधलं बोट. "तिम्मिरी."
मराठीत मुंग्या येतात;
येतात म्हणजे कधीतरी जातीलही.
तिम्मिरी नुसती असते.
करंगळी. "हो, हो, लाव की."

अनामिकेवर आले.
अंगठ्याकडची बाजू: नाही.
करंगळीकडची बाजू: आहे.
पुन्हा लावला. नाही. आहे.
एका बोटाचे दोन मालक,
एकाची वाट बोळातून, दुसऱ्याची बोळाबाहेरून,
आणि हद्द बोटाच्या मधोमध, वरून खाली.
ही रेघ मी पाठ केली होती दोन मार्कांसाठी.
बोटावर काहीच दिसत नाही.
तंबाखूचा पिवळा डाग मात्र
दोन्ही बाजूंना सारखाच.

म्हणजे गेलं वर्षभर
ती बाळाचं दूध करंगळीच्या कडेनं बघत होती,
दोरा करंगळीवर ताणत होती.
मला वाटलं, लकब.
कारखान्यात छाट वाढली तेव्हा
शिव्या बाबूला घातल्या,
बोटांना नाही.

रिपोर्ट: उजवा गंभीर, डावा मध्यम.
डॉक्टर सांगतील, पट्टा बांधा, नाहीतर छोटी चीर.
"चीर दिल्यावर हात किती दिवस बंद?"
तीन आठवडे. कदाचित चार.

तिनं रिंगा काढून माझ्या हातात दिल्या,
पदराला हात पुसला
आणि हिशेब धरला पेरांवर:
करंगळीची तीन,
अनामिकेचं पहिलं,
दुसरं—
अंगठा टेकलाय की नाही
ते वाकून बघू लागली.