बाजू एक, बाजू चार

चाळीस माझे, चाळीस एलायसचे.
ग्रीक बोटीवरचा खलाशी खुणेनं म्हणाला,
दोन तबकड्या आहेत, भांडू नका.
आम्ही कशाला भांडतोय. वाटून घेतल्या.
पुस्तकासारखं उघडणारं कव्हर माझ्याकडे आलं,
कारण एलायसच्या घरी वाळवी.

खोलीवर येऊन बघतो तर माझ्या तबकडीच्या
एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला चार.
तिकडे म्हणे तबकड्या आपोआप खाली पाडणारी यंत्रं असतात,
त्यांच्या सोयीनं छापलेलं.
म्हणजे सुरुवात माझी, शेवट माझा,
मधलं सगळं वाकोल्याला.

रविवारी मिस्सा आटपली की तो यायचा,
बसमध्ये धक्का लागू नये म्हणून
तबकडी शर्टाच्या आत, बनियनला चिकटलेली.
आणि वडाळ्याच्या क्वार्टरमध्ये कॉन्सर्ट भरायची.
अमेरिकेच्या दक्षिणेकडची, चिखलाच्या नद्यांकाठची पोरं,
दोन ड्रमवाले, एक ऑर्गन, दोन गिटार,
आणि अंधारात ओरडणारे हजारभर लोक.
शब्द आम्हाला चार आण्यांचे कळायचे.
गाणाऱ्याचं घर सुटलंय, एवढं नक्की.

एक जण बोटात औषधाची बाटली घालून
तारेवरून घसरत जायचा.
एलायस म्हणायचा, इश्राम,
वायररोप ओली असली की अशीच रडते.
मग दोघे गिटारवाले एकच चाल
दोन उंचींवर धरून निघायचे,
तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही.
इंदिरा डॉकला आमचं तेच होतं:
एका क्रेनला न झेपणारा बॉयलर,
पुढचं टोक मी, मागचं तो.
खाली मुकादम झेंडा हलवत बसायचा बिचारा.
एलायसकडचं वजन मला माझ्या लिव्हरमध्येच कळायचं.

संपात मी त्याला एक शब्द बोललो.
त्या महिन्यात गेटवर सगळेच तो शब्द वापरत होते.
तो मान खाली घालून आत गेला, हजेरी लावली.
सातव्या महिन्यात झालेली त्याची पोर
काचेच्या पेटीत होती, हे मला नंतर कळलं.
नंतर म्हणजे, सांगायला जाता येणार नाही इतक्या नंतर.

अडतीस वर्षं मी एक ऐकली आणि चार ऐकली.
चार सुरू होते तीच टाळ्यांच्या मध्यात,
आणि गर्दीतला कुणी एक ओरडत असतो,
त्याच्या ओरडण्याची फक्त शेपटी:
ईऽऽ
मला वाटायचं, तो तेवढंच ओरडला.

परवा वाकोल्याच्या सिमेट्रीतून निघताना
त्याच्या मुलीनं एक उशीचा अभ्रा हातात दिला.
हीच ती, पेटीतली. आता चष्मा आहे तिला.
डॅडी बोललेले, कव्हरवाल्याला दे.
नाव नाही घेतलं त्यानं. कव्हरवाला.

तबकडी वाजून वाजून राखाडी झालीय.
एका जागी मेणाचा थेंब, तो नखानं काढला.
दोन लावली. मग तीन.
तिसरीच्या शेवटी ते दोघे पुन्हा ओझं उचलतात,
वर, आणखी वर, अलगद खाली टेकवतात,
टाळ्या फुटतात,
आणि टाळ्यांत एक माणूस तोंड उघडतो,
ओरडायला घेतो,
तेवढ्यात बाजू संपते.
खर्र. खर्र.

गुडघ्यांवर हात देऊन उठलो.
सत्तरीत तबकडी बदलायला वेळ लागतो.
माझी काढली, पुसली, चार वर केली, सुई ठेवली.
ईऽऽ

काय ओरडला, ते अजून कळलेलं नाही.
एखाद्या गाण्याची फर्माईश असेल,
नाहीतर लांब उभ्या असलेल्या कुणाचं नाव.
खालच्या कोलत्यांचा मुलगा सांगायला आला,
काका, आवाज जरा.
मी म्हटलं, थांब,
आणि तिसरीचा शेवट पुन्हा लावायला वाकलो.