साथ

राउनेफ्योर्डच्या काठावर बाबांची मेंढरं,
एकोणसाठ, आणि प्रत्येकीला नाव.
यंदा स्वार्तलिनच्या ओठांवर फोड आले,
तर तिला वेगळं बांधलं खोपटात.
फाटकाशी औषधाची बादली.
येणाऱ्याने बूट बुडवून आत यायचं.
मीसुद्धा.

दुपारी मी होडी काढते,
दोरीला बांधलेली बाटली खाली सोडते,
वर ओढते: गार, नितळ,
काहीच नसल्यासारखं पाणी.
मग प्रयोगशाळेत रंग घालून काचेवर धरलं
की हिरवे ठिपके, ठिपके,
मोजता मोजता डोळे जातात.
चमचाभर पाण्यात विषाणू
या देशात माणसं आहेत त्याच्या नऊपट.

‘मग तिथं फाटक कुठं लावतेस?’
बटाटे सोलता सोलता बाबा विचारतात.

बाबा, जूनमध्ये फ्योर्ड दुधाळ निळा झाला होता,
बोटीच्या कठड्याला रेलून लोक फोटो काढत होते, आठवतं?
ते मरण होतं.
खडूचं चिलखत घातलेली शेवाळं
आतून फुटत होती,
चिलखतं तेवढी तरंगत राहिली उन्हात.
फुटलेल्याचा रस संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याच्या पोटात.
कुणी खोकलं नाही. कुणाला बांधलं नाही वेगळं.
जमिनीवर साथ येते आणि जाते,
पाण्यात ती नांदते.

समुद्राला कुणाचं सोयरसुतक नाही,
असं मी पहिल्या वर्षी वहीत लिहिलं होतं.
नंतर खोडलं.
सगळेच सोयरे तिथं,
सुतक धरायला उरतं कोण?

बाबा सुरी पुसतात.
एकावन्न साली पोलिओच्या साथीत
त्यांची बहीण टूरबोर्ग काचेपलीकडे होती.
सहा वर्षांचे बाबा रोज हात हलवायचे.
तिचा चेहरा आता नीट आठवत नाही म्हणतात,
काच गार होती, एवढंच.

मी माझ्या काचेबद्दल बोलत नाही.

जेवण झाल्यावर ते खाली किनाऱ्यावर जातात.
तिन्हीसांजेला जातातच, पण आज थांबतात,
खडकावर बसून बूट काढतात,
मोजे आत कोंबतात,
आणि पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे राहतात
बराच वेळ.

मागं खोपटात स्वार्तलिन ओरडते.
‘आलो गं,’ म्हणतात,
पण निघत नाहीत.