वीस की चाळीस

नाना पेठेत कुदळे मिस्त्री
नवं तेल दोन बोटांत चोळतो
आणि गवळ्याची चोरी धरल्यासारखा
माझ्याकडे बघतो.
"हे तर पाणी. चाळीस घाला."
पुस्तकात वीस लिहिलंय, मी म्हणतो.
"पुस्तक चढलंय का कधी कात्रजचा घाट?"

ओततो मात्र वीसच.
नरसाळं धरून, मुकाट,
डबा उलटा करून शेवटच्या थेंबापर्यंत.

गाडी सुरू.
आम्ही दोघं बॉनेटवर वाकलेलो.
काहीच ऐकू येत नाही.
त्याला तेच खटकतं.
तीस वर्षं गाड्या
त्याच्याशी कुरकुरत बोलल्या,
ही नुसतीच चालते.

"दहा हजाराला आणा,
किती काळं झालं बघू."
पट्टी पुसून खोचतो.
पैसे मोजतानाही
त्याची ती दोन बोटं
एकमेकांवर घासतच राहतात.